टी म्हणजे टाकी

या लेखमालेत आम्ही आजवर सातबाऱ्यावरील भाषा, न्यायालयीन मराठी, गावांच्या पाट्या आणि बोलीतील जुने शब्द यांविषयी लिहीत आलो. आजचा विषय ट्रॅक्टरला पुढून जोडावयाच्या लोडरचा आहे. वाचकांस तो या ठिकाणी परका वाटेल. तथापि तो भाषेचाच विषय आहे, आणि एका तरुणाच्या बोटावर बेतल्यानंतरच तो आम्हांस तसा दिसला, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आमचे मावसबंधू, ज्यांना आम्ही लहानपणापासून अण्णा म्हणत आलो, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतात. लष्कर म्हणजे येथे सैन्य नव्हे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावला, तळाचे शहर झाले आणि शहराला तळाचेच नाव राहिले. अण्णांचे पूर्वज शिंदेशाहीच्या चाकरीत तिकडे गेले, ते तिकडचेच झाले. राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांच्या कविता त्या घरात आजही पाठ म्हटल्या जातात, कृष्णराव शंकर पंडितांचे गाणे समोर बसून ऐकल्याची आठवण घरातील वडीलधारे सांगतात, गणपतीची आरती मराठीत होते आणि पुरणपोळीला पुरणपोळीच म्हणतात. दोनशे वर्षांनंतरही एवढी भाषा टिकवली, याचा आम्हां बेळगावकरांना अभिमान वाटतो. कौतुकापोटी थोडा हेवाही वाटतो.

परंतु डबऱ्याच्या वाटेवरील अण्णांच्या शेतावर आम्ही प्रथम गेलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ओट्यावर मराठी बोलणारे अण्णा ट्रॅक्टरजवळ जाताच हिंदीत शिरत. आपण नट ‘आवळतो’, ते ‘कसत’. आपल्याकडे कसायची ती जमीन. त्यांच्याकडे जमीन ‘जोतली’ जाई आणि बोल्ट कसला जाई. स्क्रूला आपल्याकडे ‘आटे’ असतात, तिकडे ‘चूडी’ असते. एकदा आम्ही फोनवरून त्यांना सहज म्हणालो, ‘आटे तपासून घ्या,’ तर पलीकडून वहिनींनी विचारले, ‘भाऊजी, गव्हाचे की बाजरीचे?’ तेव्हा आम्ही सारेच हसलो. मराठी त्या घराच्या स्वयंपाकघरात, देवघरात आणि बैठकीत राहिली होती; अवजारांच्या खोलीतून मात्र ती केव्हा निघून गेली, हे कोणास सांगता आले नसते.

त्या माघात अण्णांनी शेणखत भरण्यासाठी आणि मोहरीची तुराटी उचलण्यासाठी एक जुना लोडर विकत घेतला. ट्रॅक्टर पंचेचाळीस अश्वशक्तीच्या आसपासचा, साधा. अशा ट्रॅक्टरची द्रवचालित व्यवस्था मुळात मागील अवजार उचलण्यासाठी असते. हॅरी फर्ग्युसनने नांगर आणि ट्रॅक्टर यांना तीन सांध्यांनी एकत्र बांधून तेलाच्या दाबाने उचलण्याची युक्ती रूढ केली. १९३६ सालापासून ती बाजारात आली आणि पुढे जगभरच्या ट्रॅक्टरांनी स्वीकारली. सबब पंप, टाकी, झडप आणि उचल या साऱ्यांचा ओढा मागच्या बाजूस. पुढे लोडर लावावयाचा, तर त्या मूळ व्यवस्थेतून तेल बाहेर काढून पुढे न्यावे लागते आणि काम झाल्यावर परत आणावे लागते. लोडर जोडण्याचे सारे कौशल्य ‘न्यावे’ आणि ‘आणावे’ या दोन क्रियापदांत आहे.

आमच्याकडील अनेक ट्रॅक्टरांना मागे एक तोंड असते. त्यास नळी जोडली की ट्रॉली उलटते. त्या तोंडाची सवय शेतकऱ्यास असते. पण ट्रॉलीचे काम एकेरी आहे. तेल दाबाने गेले की ट्रॉली उचलली जाते, आणि दाब सोडला की ती स्वतःच्या वजनाने खाली बसून तेच तेल त्याच नळीने माघारी ढकलते. लोडरचे तसे नाही. त्याचे बाहू उचलावयाचे, उतरवावयाचे, पुढील बकेट भरावयाची आणि उलटी करावयाची. त्याचे सिलिंडर, ज्यांना ग्वाल्हेरकडे ‘जॅक’ म्हणतात, दोन्ही बाजूंनी तेल घेणारे असतात. म्हणून मध्ये दोन दांड्यांची एक झडप बसवावी लागते. त्या झडपेच्या ओतीव अंगावर इंग्रजी अक्षरे उठवलेली असतात. ‘पी’ म्हणजे पंपाकडून येणारा दाब. ‘टी’ म्हणजे टाकीकडे जाणारी वाट. ‘ए’ आणि ‘बी’ म्हणजे सिलिंडरची दोन तोंडे.

लोडरसोबत आलेली पुस्तिका इंग्रजीत होती, आणि तीही अर्धी फाटलेली. विकणाऱ्याने ‘कोणीही मिस्त्री लावून देईल’ एवढेच सांगितले होते. मिस्त्री आले. माणूस हुशार, इंजिन आवाजावरून ओळखणारा. त्यांनी झडप हातात घेऊन फिरवली, अक्षरे पाहिली आणि अण्णांचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलास समजावून सांगितले, ‘टी माने ट्रॉली. पी माने पीछे.’ त्यानुसार ट्रॉलीच्या तोंडातून निघालेली दाबाची नळी ‘टी’स जोडली गेली, आणि ‘पी’मधून निघालेली नळी मागे, गिअरपेटीच्या झाकणावरील छिद्रातून तेलात सोडली गेली. आम्ही त्या वेळी खाटेवर बसून चहा घेत होतो. ‘टी माने ट्रॉली’ हे शब्द आमच्या कानांवर पडले, आणि त्यांत काही वावगे आहे असे आम्हांस वाटले नाही. हे येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो, कारण पुढे दोष कोणाचा असा प्रश्न निघाला तेव्हा आमच्याकडे कोणी बोट दाखवले नाही.

ट्रॅक्टर सुरू झाला. दांड्या मधल्या स्थितीत असताना असल्या झडपेतून तेल मोकळे वाहत राहते. उलट्या दिशेनेही ते वाहिले. त्यामुळे सारे सुरळीत आहे असे भासले. मुलाने दांडी ओढली. मोकळी वाट बंद झाली, इंजिनावर भार आला, पंपाने किंकाळीसारखा आवाज काढला, बकेट थरथरली आणि हलली नाही. झडपेच्या आत अतिदाब झाल्यास तेल सोडून देणारी जी सुरक्षाकळ असते, ती ‘पी’कडून ‘टी’कडे उघडते, उलट्या जोडणीत तिचा उपयोग शून्य. ‘टी’च्या बाजूस दाब यावा अशी रचनाच नसते, कारण ती परतीची वाट. तेथील सील हलक्या दाबाचे, आणि संचासोबत मिळालेली परतीची नळीही हलक्या दर्जाची. ट्रॅक्टरच्या पंपाचा दाब दीडशे बारांच्या पलीकडे जाऊ शकतो. म्हणजे गाडीच्या चाकातील हवेच्या कितीतरी पट. त्या नळीस कोठेतरी सुईच्या टोकाएवढे भोक पडले. तेल दिसत नव्हते, केवळ बारीक धुके दिसत होते. कोठून येते ते पाहण्यासाठी मुलाने नळीवरून हात फिरवला.

‘काटा लगा,’ तो म्हणाला. डाव्या तर्जनीच्या पेरावर खसखशीएवढा ठिपका होता. रक्त नाही, फारशी वेदना नाही. मिस्त्रींनी इंजिन बंद केले. वहिनी हळद घेऊन आल्या. मुलगा हसत म्हणाला, ‘कुछ नहीं हुआ, चाचीजी.’

येथे आम्हांस पंधरा वर्षांपूर्वीचा आमचा एक अशील आठवला. बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत द्रवचालित यंत्रांचे सुटे भाग तयार होतात, हे सीमाभागातील वाचकांस ठाऊक आहे. अशाच एका कारखान्यातील तो कामगार. त्याच्या बोटातही असाच ठिपका पडला होता. त्याने फडके बांधले, पाळी पूर्ण केली आणि घरी जाऊन झोपला. पहाटे हात कोपरापर्यंत सुजला होता. दाबाखालील तेल कातडी भेदून आत गेले की स्नायूंच्या दोऱ्यांभोवती जी आवरणे असतात, त्यांतून ते दूरवर पसरते. आत पेशी मरू लागतात आणि वर मात्र एक ठिपका दिसतो. त्याची संपूर्ण तर्जनी काढावी लागली. १९२३ च्या नुकसानभरपाई अधिनियमाच्या परिशिष्टात एका संपूर्ण तर्जनीची किंमत कमाईक्षमतेच्या १४ टक्के लिहिली होती. तो आकडा आम्ही युक्तिवादात शेकडो वेळा उच्चारला असेल. त्या माणसास सदऱ्याची गुंडी लावताना पाहिल्यावर मात्र तो उच्चारणे जड झाले.

त्या प्रकरणात मालकाच्या वकिलांचा बचाव असा होता की, यंत्रावर सूचनेची पट्टी लावलेली होती. सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेली आज्ञा कामगाराने जाणूनबुजून मोडली, सबब भरपाई देय नाही. अधिनियमात असा अपवाद होता. आम्ही उलटतपासणीत व्यवस्थापकांना एकच प्रश्न विचारला: ती पट्टी कोणत्या भाषेत होती? ती इंग्रजीत होती. आमचा अशील मराठी सातवी शिकलेला. जी आज्ञा वाचताच येत नाही, ती जाणूनबुजून मोडता येत नाही, हे आमचे म्हणणे मान्य झाले. भरपाई मिळाली. बोट मिळाले नाही.

म्हणून शेतावर आम्ही हळद बाजूस ठेवावयास लावली आणि अण्णांना म्हणालो, ‘आत्ताच्या आत्ता शहरात निघावयाचे. वाटेत कोठेही थांबावयाचे नाही.’ अण्णा आमच्याहून वडील; आमचा असा आवाज त्यांनी पूर्वी ऐकला नव्हता. तेलाच्या डब्यावरील नाव आम्ही कागदावर उतरून घेतले, कारण आत कोणते तेल गेले हे शल्यचिकित्सकास कळणे आवश्यक असते. रुग्णालयात पहिल्या खिडकीवर ‘सुई टोचली’ एवढीच नोंद होऊ लागली, तेव्हा आम्ही ती थांबवून ‘उच्च दाबाचे तेल बोटात शिरले आहे’ असे लिहवून घेतले. त्या एका वाक्याने रांग बदलली. त्याच रात्री बोट उघडून धुतले गेले. बोट वाचले. पुढे काही महिने ते पेर नीट वाकत नव्हते, आता वाकते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतःहून घरी आले. ते दाराबाहेरच उभे राहिले. ‘वकीलसाहब, हमने तो अक्षर देखकर ही लगाया था,’ ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांनी अक्षरांकडे दुर्लक्ष केले नव्हते. अक्षरे पाहूनच जोडणी केली होती. ज्या माणसास इंग्रजी शब्द ठाऊक नाहीत, त्यास इंग्रजी आद्याक्षर दिले की तो आपल्या भाषेतील शब्द त्यात भरतो, आणि त्याच्या भाषेत ‘टी’ ट्रॉलीचा आणि ‘पी’ पीछेचाच असणार. रिकामे अक्षर कोणीही रिकामे ठेवीत नाही.

नंतर जोडणी नव्याने केली. ती कशी केली हे सांगतो, कारण सीमाभागातही आता असे लोडर दिसू लागले आहेत. ट्रॅक्टरच्या पंपाकडून येणारी, पोलादी जाळी असलेली भक्कम नळी ‘पी’स. ‘टी’मधून निघणारी नळी मध्ये कोणताही कोंडा किंवा बंद होणारा सांधा न ठेवता थेट तेलाच्या टाकीत, झटपट लागणारा जोड तेथे वापरला आणि तो नीट बसला नाही, तर परतीची वाट तुंबून हाच प्रकार पुन्हा होतो. मागील उचल आणि पुढील लोडर दोन्ही चालवावयाचे असतील, तर पुढे तेल नेणारे तिसरे तोंड झडपेस असावे लागते. ‘टी’मधून निघालेले तेल उचलीस देणे म्हणजे परतीच्या वाटेत दाब कोंडणे. सिलिंडर भरल्यावर टाकीतील तेल उतरते, म्हणून पातळी पाहून भर घालावयाची. नळी सोडण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवावयाची, इंजिन बंद करावयाचे आणि दांड्या चारही दिशांना हलवून अडकलेला दाब सोडावयाचा. गळती शोधावयाची ती पुठ्ठ्याच्या तुकड्याने, हाताने कधीही नाही. आणि ट्रॅक्टरच्या मागे पुरेसे वजन बांधल्यावाचून पुढे भरलेली बकेट उंच धरावयाची नाही.

काम झाल्यावर आम्ही पांढरा रंग आणि बारीक कुंचला मागवला. झडपेवर काय लिहावे, यावर अण्णा, मिस्त्री आणि आम्ही यांच्यात अर्धा तास चर्चा झाली. पहिल्या तोंडास ‘दाब’ हा शब्द मिस्त्रींनीच सुचवला. तो दोन्ही भाषांत आहे. दुसऱ्यास आम्ही ‘परत’ म्हणालो. मिस्त्री म्हणाले, परत म्हणजे थर. अण्णा म्हणाले, ‘वापसी’ लिहा. शेवटी ‘टाकी’वर एकमत झाले, मिस्त्री तिला टंकी म्हणतात, परंतु ‘टाकी’ वाचून कोणी ट्रॉली समजणार नाही. योगायोगाने ‘टी’ हे अक्षरही त्यात बसले.

या अर्ध्या तासाने आम्हांस परिभाषेविषयी पुष्कळ शिकवले. शिवछत्रपतींच्या काळी राज्यव्यवहारकोश झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पदनामकोश आणि निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषाकोश झाले. त्या परिश्रमांविषयी आम्हांस आदर आहे, आणि न्यायालयात आम्ही त्यांतील शब्दांवरच उदरनिर्वाह करतो. परंतु ‘द्रवीय दाब निर्गमद्वार’ असा शब्द घडवून तो झडपेवर लिहिला असता, तर त्या मुलाच्या बोटास इंग्रजी अक्षराइतकाच धोका होता. पाना हाती धरलेल्या माणसास जो शब्द थांबून उलगडावा लागतो, तो त्यास सावध करीत नाही. ‘दाब’, ‘टाकी’, ‘परतीची नळी’, ‘आटे’, ‘आवळणे’, ‘सैल करणे’ हे शब्द आपल्याकडे आहेत. ते कोशांतून आणावयाचे नसून कारखान्यांतून गोळा करावयाचे आहेत. जेथे आपला शब्द नाही, तेथे पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर हे देवनागरीत लिहिले तरी पुरे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींपासून आरंभ करून पुढे लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकऱ्यास प्रथम तो पटवून द्यावा लागला, कारण लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. आपल्या भाषेत समजावल्यावाचून यंत्र शेतात शिरत नाही, हे त्या पिढीस कळले होते.

आता कायद्याचे. मळणीयंत्रांत हात जाऊ लागले, तेव्हा संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा अधिनियम केला. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याच्या कलम ८४ अन्वये उत्पादनासोबत योग्य वापराच्या पुरेशा सूचना अथवा चुकीच्या वापराविषयी इशारा नसेल, तर उत्पादक दायी ठरतो. त्या कलमातील ‘पुरेशा’ या शब्दावर आमचा भर आहे. कलमात भाषेचे नाव नाही. परंतु जी सूचना वापरणाऱ्यास वाचता येत नाही, ती पानांनी कितीही भरली तरी पुरेशी कशी म्हणावी? आमच्या अशिलाच्या प्रकरणात जो युक्तिवाद एका बोटापुरता मान्य झाला, तो या कलमाखाली प्रत्येक पुस्तिकेस लागू पडतो असे आमचे मत आहे. तरुण वकिलांनी तो करून पाहावा. भाषेचा आग्रह अस्मितेसाठी धरला जातो असे पुष्कळदा हिणवून म्हटले जाते; तो शरीराच्या संरक्षणासाठीही धरता येतो, आणि न्यायासनासमोर ते पुराव्यानिशी मांडता येते.

अण्णांच्या घराविषयी आमच्या मनात आता थोडे वेगळे विचार येतात. कविता, गाणे आणि पुरणपोळी यांनी तेथील मराठी दोनशे वर्षे जगवली, यात शंका नाही. पण अवजारांच्या खोलीतील शब्द तेथे प्रथम गेले, आणि ते गेल्याचे कोणास दुःख झाले नाही. सीमाभागात आम्ही पाट्या आणि परिपत्रके यांसाठी जेवढे झगडतो, त्याच्या दशांशानेही पंपावरील पट्टीकडे पाहिले नाही. आमच्या स्वतःच्या विहिरीवरील पंपाच्या पेटीवर काय लिहिले आहे, हे आम्ही ग्वाल्हेरहून परतल्यावर प्रथमच वाचले. ते आमच्या गड्यास वाचता येत नाही, हेही तेव्हाच कळले. आता तेथे मराठीत चार ओळी रंगवल्या आहेत.

गेल्या दिवाळीत अण्णांचा फोन आला, तेव्हा तो मुलगा शेजारीच होता. अण्णांनी फोन त्याच्या हाती दिला. शेजारच्या गावात कोणी नवा लोडर घेतला होता आणि तो जोडण्यास मिस्त्रींबरोबर हाही गेला होता. आम्ही विचारले, झडपेवर काय लिहिलेस? तो म्हणाला, ‘वही, साहब. दाब और टाकी. और नीचे लिखा, हाथ मत लगाना.’

वाचकांनी आपल्या घरचे, शेतावरचे किंवा कारखान्यातले एक यंत्र पाहावे, त्यावरील सूचना ते चालवणाऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचवून घ्यावी, आणि त्याला ती वाचता आली नाही तर त्याच्याच शब्दांत ती तेथे लिहावी. ते शब्द आम्हांसही कळवावे. आम्ही त्यांची यादी करीत आहोत.